साधर्म्याचा धागा: अलंकार वाचायची एक रीत

दहावीच्या वर्गात अलंकार शिकवायला घेतले की पहिल्या तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहिते: 'पाऊस सारखा पडतोय.' यात अलंकार कोणता? निम्म्याहून जास्त हात वर होतात. 'उपमा, मॅडम.' कशावरून? 'सारखा शब्द आहे ना!'

मग दुसरं वाक्य लिहिते: 'हा पोरगा अगदी बापासारखा दिसतो.' पुन्हा उपमा. इथे निदान तुलना तरी आहे. पण पोरगाही माणूस, बापही माणूस. एक चेहरा दुसऱ्या चेहऱ्याशी ताडून पाहिला, एवढंच झालं. ही माहिती आहे, अलंकार नव्हे. अलंकाराला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात आणि त्यांना जोडणारा असा एखादा धागा लागतो, जो आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपण पाहिलेला नसतो.

सम, समान, सारखा, परी म्हणजे उपमा. जणू, गमे, भासे म्हणजे उत्प्रेक्षा. न, नव्हे म्हणजे अपन्हुती. मीही शाळेत असंच शिकले. चौकट पाठ केली, गुण मिळाले, आणि पुढे कितीतरी वर्षं कविता वाचताना ती चौकट माझ्या काहीही कामाला आली नाही. जळगाव जिल्ह्यात शिकवायला लागल्यावर हळूहळू एक वेगळी रीत हाती लागली. तीच इथे पायरीपायरीने मांडते आहे. परीक्षेला बसणाऱ्यांना ती उपयोगी पडतेच, पण मुख्यतः ती अशा वाचकांसाठी आहे ज्यांना कविता आवडते आणि तरीही 'यात नक्की काय म्हटलंय' इथे अडायला होतं.

पहिली पायरी: ओळ आपल्या रोजच्या बोलण्यात आणा

असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) या दोन ओळी खानदेशात कुणाला सांगाव्या लागत नाहीत:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापली गेली. म्हणजे ही कविता कानासाठी झालेली आहे, आणि ती समजून घ्यायची सुरुवातही मोठ्याने म्हणूनच करावी. दोनदा म्हणा. मग आपल्या बोलण्यात सांगा: संसार चुलीवरच्या तव्यासारखा आहे, आधी हाताला चटके बसतात, तेव्हा कुठे भाकरी मिळते.

ही पायरी बऱ्याच जणांना फालतू वाटते. पण बोलीतली कविता असेल तर इथेच पाय घसरतो. यावल, रावेर, जळगाव या पट्ट्यातल्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. मिळते म्हणजे 'मियते', डोळा म्हणजे 'डोया', काळा म्हणजे 'काया'. पुण्या-नाशकाकडचा वाचक 'काया' वाचतो आणि देहाचा विचार करू लागतो. तिथे श्लेष, म्हणजे एकाच शब्दात दोन अर्थ, आहे की काय, असंही त्याला वाटतं. श्लेष नसतो, फक्त रंग असतो. म्हणून आधी शब्दाचा साधा अर्थ पक्का करा. मात्र एकदा अर्थ कळला की परत मूळ ओळीकडे या. 'मिळते' म्हटल्यावर जे ऐकू येतं ते 'मियते'च्या मऊपणाला पोचत नाही.

दुसरी पायरी: हे शब्दशः खरं आहे का?

हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारा. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. हे वाक्य शब्दशः खरं आहे. शब्दाचा सरळ अर्थ देण्याची जी ताकद, तिला अभिधा म्हणतात. 'ऊन आग ओकतंय' हे मात्र शब्दशः खरं नाही. उन्हाला तोंड नाही, ते ओकत नाही. सरळ अर्थ घेतला तर वाक्य अडतं, म्हणून आपण जवळचा दुसरा अर्थ घेतो. ही लक्षणा.

लक्षणेचं आपल्याकडचं सगळ्यात सुंदर उदाहरण कुठल्याही पुस्तकात शोधावं लागत नाही. तापीकाठचा शेतकरी म्हणतो, 'आमचं वावर तापीवर आहे.' नदीवर वावर कसं असेल? ते काठावर आहे, हे सगळ्यांना कळतं. संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणा समजावताना 'गंगेवर गवळीवाडा' हे उदाहरण शतकानुशतकं दिलं जातं. हे अगदी तेच आहे, फक्त नदी बदलली. पण पुढचा प्रश्न महत्त्वाचा: तो 'तापीकाठी' का म्हणत नाही? कारण 'तापीवर' म्हटलं की पाण्याचा विचार आधी येतो. विहीर आटायची भीती नाही, मे महिन्यातही केळी हिरवी आहे, हे सगळं त्या 'वर'मध्ये येतं. न बोलता पोचलेला हा तिसरा अर्थ म्हणजे व्यंजना. तिच्याकडे पुढे येऊच.

'अख्खं गाव उठलं', 'घरात सहा तोंडं खाणारी आहेत', 'दोन ताटं वाढ', अशी लक्षणा आपण दिवसभर बोलतो. वाक्प्रचार तर सगळे तिच्यावरच उभे आहेत. फरक इतकाच, की 'तोंडचं पाणी पळालं' म्हणताना आता कुणाला पाणी दिसत नाही. वापरून वापरून चित्र पुसट झालंय. चांगला लेखक अशा पुसट झालेल्या चित्राला परत जागं करतो: 'मार्चातच विहिरीचं पाणी पळालं आणि त्याच्या तोंडचंही.' आता 'पाणी' शब्द दोन्हीकडे खरा झाला. एका शब्दाने दोन अर्थ सांगितले, म्हणजे हा श्लेष.

तिसरी पायरी: चार खण भरा

तुलना दिसली की कागदावर चार खण करा. ज्याच्याविषयी बोलायचं आहे ते उपमेय. ज्याच्याशी तुलना केली ते उपमान. दोघांत सारखं काय, तो साधारण धर्म. आणि तुलना दाखवणारा शब्द, म्हणजे साधर्म्यदर्शक शब्द.

वरच्या ओळीत संसार उपमेय, चुलीवरचा तवा उपमान, 'जसा' हा साधर्म्यदर्शक शब्द. तीन खण पटकन भरले. मुलं चौथ्यात लिहितात: 'दोन्ही तापतात.' चूक नाही, पण अपुरं आहे. दुसरी ओळ परत वाचा. साधारण धर्म नुसता ताप नाही, तो क्रम आहे: आधी चटका, मग भाकर.

इथे जरा थांबून भाकरी करणारे हात आठवा. थापलेली भाकरी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकतंय न सुकतंय तोच बोटांनी कड उचलून ती उलटायची. सराईत बाई उलथनं शोधत बसत नाही. बोटं तव्याला लागणारच. तो चटका चुकीचा दंड नसतो. भाकरी अशीच उलटते. हे लक्षात आलं की 'आधी' आणि 'तव्हा' या दोन शब्दांवर सगळा भार आहे हे कळतं. कवयित्री संसाराला नावं ठेवत नाही आणि दुःख सोसा असा उपदेशही करत नाही. ती रोज करते त्या कामाची रीत सांगते आहे. ज्याने भाकरी फक्त ताटात आलेली पाहिली, त्याला पहिली ओळ कळते. ज्याने ती उलटताना पाहिली, त्याला दुसरी.

साधारण धर्माचा खण म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. एकदा 'आजी' विषयावर एकेक उपमा लिहायला सांगितली होती. कुणी सायीसारखी, कुणी वडाच्या झाडासारखी लिहिली. एका मुलीने लिहिलं, 'माझी आजी वाळलेल्या पऱ्हाटीसारखी आहे.' वर्ग हसला. कापसाची वाळलेली झाडं, आजीला? मी विचारलं, सारखं काय आहे? मुलांनी उत्तरं दिली: सुकलेली, काटकुळी, वाकडी. ती मुलगी शांतपणे म्हणाली, 'आमच्या घरची चूल तिच्यावरच पेटते.'

वर्गातलं हसू तिथेच थांबलं. उपमान तेच, पण धागा बदलला आणि सगळी उपमा बदलली. म्हणून उपमा वाचताना पहिलं सुचलेलं साधर्म्य लिहून थांबू नका. अजून दोन शोधा. मग ओळीतले बाकीचे शब्द त्यातल्या कुठल्याला आधार देतात ते पाहा. आणि दोन गोष्टींत काय सारखं नाही, हेही विचारा; पुष्कळदा कवीला तेच दाखवायचं असतं.

चौथी पायरी: तुलना किती पुढे गेली?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त चार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ते वाढवत शंभराच्या पुढे नेले. इतकी नावं कशी लक्षात ठेवायची, हा प्रश्न मुलांना छळतो. माझं उत्तर असं, की यातले कितीतरी अलंकार एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. उपमेय आणि उपमान तेच राहतात. त्यांच्यातलं अंतर किती उरलं, यावर नाव बदलतं.

कापूस फुटलेल्या वावराचंच उदाहरण घेऊ. दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळच्या एसटीतून अमळनेर-चोपड्याकडे जाताना दोन्ही बाजूंना जे दिसतं ते. उपमेय वावर, उपमान चांदणं.

'कापूस फुटलेलं वावर चांदण्यासारखं पांढरंशुभ्र दिसतं.' दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, मधली भिंत शाबूत आहे. ही उपमा.

'कापूस फुटलेलं वावर म्हणजे जणू जमिनीवर उतरलेलं चांदणंच.' बोलणाऱ्याला ठाऊक आहे की हे चांदणं नाही, पण क्षणभर तो तसं मानून पाहतोय. ही कल्पनेची झेप म्हणजे उत्प्रेक्षा.

'हे वावर की चांदणं?' मनाचा निर्णयच होत नाही. हा संदेह अर्थात ससंदेह.

'चांदणं समजून चकोर कपाशीत उतरला.' इथे शंकाही उरली नाही, चूकच झाली, आणि त्या चुकीपायी कृती घडली. हा भ्रान्तिमान. ससंदेह आणि भ्रान्तिमान यांत गोंधळ होत असेल तर एवढंच पाहा: पात्र अडखळलं की फसलं?

'वावराचं चांदणं वेचायला बाया पहाटेच निघाल्या.' आता भिंतच नाही. वावर आणि चांदणं एकरूप झालं, 'सारखं' आणि 'जणू' दोन्ही गळून पडले. हे रूपक. खरं रूपक पुढच्या क्रियापदालाही ओढून नेतं. चांदणं वेचता येत नाही, कापूस वेचतात. पण इथे चांदणंच वेचलं जातंय आणि वाचताना ते खटकत नाही.

'हा कापूस नव्हे, रात्री सांडून राहिलेलं चांदणं आहे.' उपमेयाला चक्क नाकारलं. ही अपन्हुती. लपवणं असा त्या शब्दाचा अर्थ.

'चांदणं काय, पहाटे मावळतं. हे वावर भरदुपारीही तितकंच पांढरं.' उपमेय उपमानाच्या वर चढलं. हा व्यतिरेक.

'फुटलेल्या कपाशीचं वावर फुटलेल्या कपाशीच्या वावरासारखंच!' तुलनेला दुसरं काही उरलंच नाही. हा अनन्वय.

हा जिना एकदा स्वतःच्या एखाद्या वस्तूवर चढून पाहा. केळीचं पान घ्या, सातपुडा घ्या, चुलीतला निखारा घ्या. आठ वाक्यं स्वतः लिहिलीत की व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही. लिहिताना आणखी एक कळेल: वरच्या पायरीवरचा अलंकार जास्त चांगला असतो असं नाही. दुःखाच्या प्रसंगी साधी उपमा जे करते ते अपन्हुतीने होत नाही; तिथे शब्दांची करामत नकोशी वाटते. कवीने कुठली पायरी निवडली आणि का, हा रसग्रहणातला खरा प्रश्न आहे.

खुणेच्या शब्दांनी कसं फसायला होतं, तेही या जिन्यावर उभं राहून पाहा. 'मला वाटतं आज बाजार बंद असेल' यात 'वाटतं' आहे, उत्प्रेक्षा नाही. 'हा कापूस नव्हे, सरकी आहे' यात 'नव्हे' आहे, पण ती नुसती दुरुस्ती आहे. उपमेय-उपमानाची जोडी सापडत नसेल तर खुणेचा शब्द एकटा काही सांगत नाही.

उपमेय दिसतच नाही तेव्हा

कधीकधी जिन्यावर उपमेय पूर्ण गायब होतं आणि फक्त उपमान उरतं. हे अवघड वाटेल, पण लहानपणापासून आपल्याला याची सवय आहे. 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया.' 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.' कोडं म्हणजे उपमेय लपवलेली तुलनाच. चांदण्या, चंद्र, दात, जीभ यांचा शब्दानेही उल्लेख नाही. ज्यांना कोडी घालता आणि सोडवता येतात, त्यांना कविता कठीण नाही, हे मी पालकांनाही सांगते. रात्री अंगणात आजीबरोबर कोडी घालणं हा भाषेचा फार मोठा अभ्यास आहे.

म्हणीही याच घरातल्या. 'गाढवाला गुळाची चव काय' म्हणताना समोर गाढव नसतं आणि गूळही नसतो. एकाला उद्देशून दुसऱ्यालाच ऐकवलं, ही अन्योक्ती. 'कुंपणच शेत खातं' हे वाक्य ग्रामसभेत म्हटलं की कुणाकडे माना वळतात ते पाहा, उपमेय सापडेल.

प्रतीक मात्र याहून वेगळं. प्रतीकात वस्तू स्वतः खरीखुरी समोर असते आणि तिच्यातून आणखी काही दिसत राहतं. आखाजीची घागर घ्या. अक्षय्य तृतीयेला खानदेशात पूर्वजांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजतात, तिच्यावर खरबूज ठेवतात. कथेत एवढंच लिहिलं, 'या आखाजीला घरात एक घागर वाढली', तर खानदेशी वाचकाला सगळं कळतं: वर्षभरात या घरातलं कुणीतरी गेलंय. इथे 'जसा' नाही, 'जणू' नाही, उपमानही नाही. घागर ही घागरच आहे, पाणी हे पाणीच आहे. पण ऐन वैशाखात, घसा कोरडा पडत असताना, गेलेल्या माणसाला तहान लागली असेल या भावनेने भरलेलं ते पाणी आहे. आखाजीला निंबाच्या फांदीवर बांधलेला झोका असाच. माहेरी आलेली लेक झोक्यावर बसली, एवढ्या वाक्यात माहेरचे चार मोकळे दिवस आले आणि ते संपणार आहेत हेही आलं.

प्रतीक ओळखताना त्या भागाचा रीतिरिवाज माहीत हवा. तो माहीत नसेल तर कुणाला तरी विचारा. घागर म्हणजे 'मृत्यूचं प्रतीक' असं चिकटवून मोकळं होणं ही घाई झाली. ती आठवणीची आहे, तहानेची आहे, ऋणाचीही आहे.

काही अलंकार झटपट

निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती: 'सातपुड्याने सकाळपासून ढगांची घोंगडी पांघरली होती.' प्रमाणाबाहेर फुगवून सांगितलं की अतिशयोक्ती. 'दमडीचं तेल आणलं, सासूबाईचं न्हाणं झालं' हे लोकगीतातलं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. आपल्याकडचं ऐकायचं तर 'एवढं ऊन की अंगणात भाकर भाजावी.' वरवर विसंगत, आत सुसंगत असेल तर विरोधाभास: 'हात रिकामे ठेवून ती घरोघरी पुष्कळ काही देऊन आली.' स्तुतीच्या रूपात निंदा किंवा निंदेच्या रूपात स्तुती केली तर व्याजस्तुती: 'अगदी वेळेवर आलात, आत्ताच पंगत उठली.'

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांत बरेच जण अडकतात. दृष्टान्तात एक गोष्ट सांगून तिच्याच तोडीचं दुसरं चित्र शेजारी ठेवतात: 'सोसलं त्यालाच मान मिळाला, घणाखाली गेल्याशिवाय लोखंडाचा फाळ होत नाही.' अर्थान्तरन्यासात एका विशिष्ट गोष्टीवरून सर्वांना लागू पडणारा सिद्धान्त काढतात, किंवा सिद्धान्ताला उदाहरणाचा आधार देतात: 'सुगरण काडी काडी विणून खोपा लोंबवते, चिकाटीला अवघड काही नाही.' दुसरं वाक्य चित्र आहे की नियम, एवढं तपासलं की पुरे.

स्वभावोक्तीत तर तुलनाच नसते. जसं आहे तसं, पण इतकं नेमकं सांगितलेलं की वस्तू हलताना दिसते. 'दावं सुटलेलं वासरू शेपटी वर करून दोनदा गोल धावलं, थबकलं, आणि गाय कुठे आहे ते पाहू लागलं.' मुलांच्या मते यात अलंकार नाही. मला हा सगळ्यात अवघड अलंकार वाटतो.

पाचवी पायरी: कानाने वाचा

शब्दालंकार डोळ्यांनी ओळखायचे नसतात. धरणगावात १८९० साली जन्मलेल्या बालकवींची ओळ म्हणा: 'श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे.' 'मासी', 'मानसी' हे ओळीच्या पोटातलं यमक, आणि 'श', 'ष', 'स' यांची हलकी सळसळ ओळभर. एकाच अक्षराची किंवा ध्वनीची पुनरावृत्ती होऊन नाद निर्माण होतो तो अनुप्रास. पण नुसतं 'स अक्षर चार वेळा आलं' असं लिहिणं म्हणजे मोजदाद. त्या नादाने काय केलं ते लिहा: सरीचा हलकेपणा ऐकू आला का, ओळ धावली का, अडखळली का?

यमक हे पाठांतरासाठीच जन्मलेलं आहे असं मला वाटतं. जात्यावर दळताना बायकांनी शेकडो ओव्या लिहून न ठेवता जपल्या, त्या यमकाच्या खुंटीला अडकवून.

सहावी पायरी: कोण कुणाला म्हणतंय?

व्यंजनेचा हिशेब आता करू. वाक्य घ्या: 'वारा सुटलाय.' मे महिन्याची अखेर, संध्याकाळ, रावेरजवळचं एखादं गाव.

गच्चीवर अंथरूण टाकणारा माणूस हे म्हणाला, तर अर्थ: आज झोप लागेल. खळ्यावर सूप घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, तर अर्थ: चला, उपणून घेऊ. आणि ज्याची केळी कापणीला आली आहे तो शेतकरी हेच वाक्य म्हणाला, तर घरातलं बोलणं थांबतं. केळीचं खोड लाकडाचं नसतं. पानांच्या देठांचे पापुद्रे एकावर एक गुंडाळून ते उभं असतं, मुळंही फार खोल जात नाहीत. घडाच्या ओझ्याने वाकलेलं झाड वादळी वाऱ्यात उभं राहत नाही. वर्षभराची मेहनत एका संध्याकाळी आडवी होते. शब्द दोनच. भीती, खर्च, कर्ज, पोरीचं लग्न, सगळं त्यांच्या मागे उभं आहे, आणि त्यातलं काहीही उच्चारलेलं नाही.

म्हणून कविता असो की कथा, प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याला विचारा: हे कोण म्हणतंय, कुणाला, कधी, कुठे? याचं उत्तर बदललं की अर्थ बदलतो. अलंकाराचं नाव नसलेल्या साध्या वाक्यात कधीकधी सगळ्यात जास्त अर्थ साठलेला असतो, आणि नुसते अलंकार शोधत जाणाऱ्याच्या हातून तो निसटतो.

उत्तर कसं लिहायचं

रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये यांबद्दल लिहायचं असतं. बहुतेक उत्तरपत्रिकांत मधल्या भागात एकच वाक्य असतं: 'या ओळीत रूपक अलंकार आला आहे, त्यामुळे कवितेचं सौंदर्य वाढलं आहे.' हे वाक्य कुठल्याही कवितेला लागू पडतं, म्हणून ते कुठल्याच कवितेविषयी काही सांगत नाही. अलंकाराचं नाव ही सुरुवात धरा. मग उपमेय, उपमान; मग धागा; मग त्या धाग्याने काय कळलं. एक नमुना करून दाखवते. ओळी बहिणाबाईंच्याच:

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर

आधी पहिली पायरी. 'वढाय' म्हणजे ओढाळ. 'ळ'चा 'य' झाला. ओढाळ म्हणजे कळप सोडून भलतीकडे ओढ घेणारं. 'फिरी' म्हणजे फिरून, परत. आता उत्तर:

'मन हे उपमेय आणि पिकात शिरलेलं ओढाळ ढोर हे उपमान. पहिल्या ओळीत जसं किंवा सारखं असा शब्द नाही. मन आणि ढोर एकरूप मानले आहेत, म्हणून हे रूपक. ढोर पिकात शिरतं ते भुकेपोटी, ओढीपोटी. त्याच्या मनात वाईट काही नसतं. मनाची धावही तशीच आहे. पीक "उभं" आहे, म्हणजे काढणी अजून व्हायची आहे. ढोर प्रत्येक वेळी परतून येतं तेव्हा हाती येणाऱ्या धान्याचंच नुकसान होतं. "वढाय वढाय" आणि "हाकला हाकला" या द्विरुक्तींनी एकीकडे ढोराची ओढ आणि दुसरीकडे राखणदाराची दमछाक ऐकू येते. दोन्ही शब्द दोनदा येतात, म्हणजे दोघेही मागे हटत नाहीत. शेतकरी घरातल्या बाईने रोज पाहिलेल्या दृश्यातून, कुठलाही जड शब्द न वापरता, मनाला आवरणं किती कठीण आहे हे सांगितलं आहे.'

एवढं पुरे. यात अलंकाराचं नाव एकदाच आलं आणि बाकीची सगळी वाक्यं फक्त याच कवितेविषयी आहेत. उत्तर लिहून झाल्यावर ही चाचणी करा: कवितेचं नाव झाकलं तरी परिच्छेद वाचून ती कोणती कविता आहे हे कळतं का?

सरावासाठी

एक छोटी वही करा आणि आठवडाभर फक्त ऐका. एसटी स्टँडवर, मंडईत, पंगतीत, चुलीपाशी. शब्दशः खरी नसलेली वाक्यं जशी कानावर पडली तशी, बोलीतच उतरवा. प्रमाण मराठीत सुधारून घेऊ नका. वाक्याखाली कोण कुणाला म्हणालं ते लिहा. आठवड्याच्या शेवटी त्यांतली पाच निवडून चार खण भरा आणि जिन्यावरची पायरी ठरवा. माझ्या वर्गात मुलं अशा वह्या आणतात, तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांची गरज पडत नाही.

सुरुवातीला ही तीन घ्या. भरिताच्या पंगतीत कुणीतरी म्हणालेलं: 'ठेचा नाही, निखारा वाढलास पोरी.' कापसाचा भाव ऐकून परतलेल्या माणसाने ओट्यावर बसताना म्हटलेलं: 'आज गाडी जड होती तेव्हा हलकी वाटत होती, रिकामी आणली तर ओढत नाही.' आणि तिसरं, लेकीला सासरी पोचवून आलेल्या एका आईचं, घरात शिरता शिरता: 'आज घर लई मोठं दिसतंय.'

पहिल्याला एक मिनिट लागेल. दुसऱ्यात आधी विरोधाभास सापडेल. मग 'जड' आणि 'हलकी' हे शब्द नक्की गाडीबद्दल आहेत का, ते विचारा. तिसऱ्यात उपमानही नाही आणि खुणेचा शब्दही नाही. त्याच्यापाशी सहाव्या पायरीने जा, आणि बराच वेळ थांबा.